मालूबाईंचं नाव आणि मागचं दार

मालूबाई सपकाळे यांचा अंगठा कुठल्याच मशीनवर उठत नाही. बावीस वर्षं कच्ची केळी सोलली की असंच होतं. केळीचा चीक आधी पाण्यासारखा असतो, मग तपकिरी होतो, मग काळा होऊन कातडीत बसतो आणि बोटांच्या रेषा हळूहळू घासून जातात. तेल लावा, राखेनं घासा, लिंबू चोळा, तो जात नाही.

माझी त्यांची ओळख यावरूनच झाली. राजपुऱ्यातल्या रेशन दुकानात दुकानदार त्यांना तिसऱ्यांदा परत पाठवत होता. "बाई, मशीन घेत नाही, मैं क्या करूं?" आणि बाई पिशवी धरून जागच्या हलत नव्हत्या. "मशीनले नाही ओळखता येत तं तू ओळख ना. दहा वर्षं तुह्या समोरच्या गल्लीत राहते. नाव लिही अन् दे."

मी मध्ये पडलो. अंगठा न उठणाऱ्यांसाठी दुसरी सोय असते, ती दुकानदाराला दुकानाच्या पायरीवर उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशी समजावून सांगितली. धान्य मिळालं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "काम केलं भाऊ तुनं. पण वरडतो फार."

माझं नाव पंडित. तहसिलीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण दहावीपर्यंत, तेही गणितात अडकलेलं. कायदा शिकलो तो सरकारी पाट्या वाचून आणि साहेबांशी भांडून. लोक मला रागीट म्हणतात, ते खरं आहे. पण हे माझ्याबद्दल नाही. माझ्या हुशारीनं एका बाईचं काम गेलं आणि मालूबाईंनी ते कसं परत आणलं, ते सांगायचं आहे.

मालूबाई मूळच्या डोईफोडिया गावच्या. लग्न करून बऱ्हाणपुरात आल्या. नवरा उखर्डू, केळीच्या ट्रकवर हमाल होता, आता पाठ धरते म्हणून दारात बसून दोर वळतो. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि तसंच नाव ठेवलं. आमच्या भागात असे उखर्डू पुष्कळ. हा त्यातला सगळ्यात कमी बोलणारा.

बाई कामाला जात त्या चिप्सच्या युनिटात चाळीस बायका. काम जोडीनं चालतं. एकीनं केळीचं डोकं-शेपूट कापून सालीला चीर द्यायची, दुसरीनं साल उतरवून केळं हळदीच्या पाण्यात सोडायचं. दोघींचे हात जुळले की क्रेट भराभर रिकामे होतात, नाही जुळले की दिवसभर कुरबूर. मालूबाईंची जोडीदारीण निशा. पंचवीस-सव्वीसची, त्यांच्याच गल्लीतली, नवरा सुरतेला, पदरात दीड वर्षाची मुलगी. तोंडाची फटकळ. मालूबाईंना म्हणायची, "काकू, तुमचा सुरा सासूसारखा आहे, धार कम, आवाज जादा." त्यावर बाई म्हणत, "तू साल काढ. बोलायचे पैसे नाही भेटत."

युनिटाला दोन दारं. पुढचं तळणाच्या भट्टीजवळून जातं. मागचं बायका बसतात तिथेच आहे, पण त्याला साखळी आणि कुलूप. किल्ली मॅनेजर लीलाधरच्या कमरेला. कारण विचारलं तर म्हणायचा, तेलाचे डबे मागून चोरीला जातात.

गेल्या माघात एका दुपारी कढईतल्या तेलानं पेट घेतला. मोठी आग नव्हती, कारागिरानं पोती टाकून विझवली. पण धूर असा भरला की शेजारची बाई दिसेना. बायका उठल्या त्या मागच्या दाराकडे. जनावरालाही कळतं दार कुठे आहे. कुलूप. मागच्यांचा लोंढा पुढच्यांवर आला. निशा सगळ्यात पुढे होती, तिची छाती दारावर दाबली गेली. लीलाधर पुढच्या दारातून आधीच बाहेर पडला होता, किल्लीसकट. शेवटी सगळ्या जणी तोंडाला पदर लावून त्या कढईच्याच कडेनं बाहेर आल्या. कुणी मेलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं आणि साखळी जिथल्या तिथे राहिली.

"निशा तीन दिवस खोकत होती," मालूबाई मला म्हणाल्या. "ते दार उघडं पाहिजे भाऊ. दुसरं मले काही नाही पाहिजे."

आता इथे एका पोस्टरची गोष्ट सांगावी लागते. गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या गावात एक नवा धंदा उभा राहिला आहे. मोठी कंपनी इथला माल घेते. तिला तिच्या गिऱ्हाईकाला दाखवायचं असतं की आमच्या चिप्ससाठी कुणाचे हाल होत नाहीत. म्हणून ती नियमावली पाठवते. नियमावली पाळली का ते बघायला तपासणीवाले येतात. आणि तपासणीवाले येण्याआधी सगळं पाळल्यासारखं दिसावं म्हणून चेतन येतो. इतवारा पेठेत याचं झेरॉक्सचं दुकान होतं. आता पाटीवर 'कम्प्लायन्स सर्व्हिस' लिहिलं आहे आणि आत तीन पोरी कॉम्प्युटरवर फायली बनवतात. जिनिंग असो, कापड असो, चिप्स असो, फायलीतले नियम तेच, नुसतं युनिटाचं नाव बदलायचं. तपासणीच्या दिवशी तो बायकांना हातमोजे वाटतो आणि संध्याकाळी मोजून परत घेतो.

पोस्टरही त्यानंच लावलं. निळ्या रंगाचं, हसऱ्या बाईचं चित्र, मोठ्या अक्षरात हिंदीत लिहिलेलं, 'बेझिझक बोलिए. नाम बताना ज़रूरी नहीं.' खाली फुकट फोन लागणारा अकरा आकडी नंबर. हे फोन कंपनी स्वतः घेत नाही. शेकडो कंपन्यांचे असले फोन घेणाऱ्या वेगळ्या कंपन्या निघाल्या आहेत. पोस्टर लावलं कुठे, तर मॅनेजरच्या केबिनशेजारी, वर कॅमेरा. आणि बायकांचे मोबाईल सकाळी गेटवर एका क्रेटमध्ये जमा, ते सुट्टीलाच परत. म्हणजे बोला बेझिझक, पण कशावर बोलणार ते विचारू नका.

मालूबाईंकडे मोबाईल नाहीच. आकडे मात्र वाचता येतात. पाण्याच्या माठाकडे जाताना त्या रोज दोन आकडे बघून यायच्या आणि केळी सोलता सोलता मनात घोकायच्या. सहा दिवसांत अकरा आकडे पाठ. सातव्या दिवशी माझ्यासमोर म्हणून दाखवले, न अडखळता.

इथवर सगळं बाईंचं. पुढची हुशारी माझी.

दुपारच्या जेवणाला बायका आतच बसतात. पण मालूबाईंना मिसरीसाठी गेटमन बाहेर सोडतो, म्हाताऱ्या म्हणून. मी ठरवलं, समोरच्या चहाच्या टपरीवर थांबायचं आणि माझ्या मोबाईलवरून फोन लावायचा. नंबर माझा, नाव कुणाचंच नाही. कोण पकडणार? स्वतःवर फार खूश होतो मी.

बाईंना ते पटलं नव्हतं. "नाव नाही सांगायचं तं मंग बोललं कोण?"

"कोणी नाही. तेच तर चांगलं आहे."

"नाव न सांगता कोणाबद्दल बोलणं म्हणजे चुगली भाऊ. मी चुगली नाही करत. खरं आहे ते सांगते."

"काकू, डोकं चालवा जरा. नाव दिलं की उद्या घरी बसाल. कंपनी स्वतः म्हणते नाव नको, आणि तुम्हाला हौस." माझा आवाज चढला. टपरीवाला बघायला लागला. बाई गप्प झाल्या. त्या घाबरल्या नव्हत्या. रस्त्यावर तमाशा नको म्हणून गप्प झाल्या, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी दीड वाजता फोन झाला. मराठीसाठी तीन दाबलं. तिकडची पोरगी नीट बोलली, सगळं लिहून घेतलं, नऊ आकडी तक्रार नंबर दिला. मालूबाईंनी तोही तिथेच पाठ केला. मी बजावलं, हे निशालाही सांगायचं नाही. बाईंनी मान हलवली.

आठ दिवसांनी लीलाधरच्या हातात कंपनीचा कागद आला. तक्रार आली आहे, खुलासा करा. आणि त्या फोन घेणाऱ्यांनी नाव नाही म्हणून नाव दिलं नाही, पण वार आणि वेळ छापून पाठवली. गुरुवार, दुपारी दीड.

लीलाधरनं हजेरीचं रजिस्टर काढलं. गुरुवारी दीड वाजता एकोणचाळीस बायका आत, त्यांचे मोबाईल क्रेटमध्ये. मालूबाईंचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही, ज्या बाईकडे मोबाईलच नाही ती फोन कसा करेल? एकच बाई त्या दिवशी गैरहजर होती. मुलीला लस टोचायला गेली होती. निशा.

तिला काही विचारलं नाही. नुसतं सांगितलं, "काम कम है. बुलाएंगे तब आना." आणि त्याच दुपारी चेतन मोटरसायकलवर आला. साखळी काढली, दार सताड उघडलं, वर हिरवा बाण चिकटवला, चार बाजूंनी फोटो काढले, साखळी परत लावली. तक्रार बंद.

त्या संध्याकाळी निशा मालूबाईंच्या ओट्यावर येऊन बसली. मुलगी मांडीवर. "कोणी तरी चुगली केली काकू. बोलणारी लपून बसली आणि भोगते मी. मुझे मिले ना वो, तर तिच्या तोंडावर विचारीन."

मालूबाईंनी मला दिलेला शब्द पाळला. पण रविवारी सकाळी माझ्या घरी आल्या, उभ्याच राहिल्या, पाणी दिलं तर घेतलं नाही.

"तू म्हटला नाव नको. मी ऐकलं. तं झालं काय? नावाची जागा रिकामी राहिली अन् त्यायनं तिथं निशाचं नाव भरलं."

मी म्हणालो, आपण अर्ज करू, लेबर ऑफिसला देऊ, वरच्या साहेबाला भेटू. खरं सांगायचं तर मला काही सुचत नव्हतं, म्हणून जास्त बोलत होतो.

"लीलाधरले विचार, निशाले कायले काढलं? तो म्हणीन काम कमी आहे. तक्रार कोणाची होती ते मले माहीतच नाही, मंग मी सूड कसा घेईन? खोटं आहे, पण पकडता येते का? नाव असतं, अन् नावावाल्या बाईले काढलं असतं, तं साऱ्या कंपनीले दिसलं असतं कायच्यापायी काढलं."

वीस वर्षं अर्ज लिहितो मी. खाली 'एक जागरूक नागरिक' लिहून किती पाठवले याचा हिशेब नाही. त्यातल्या एकालाही उत्तर का आलं नाही, ते त्या सकाळी समजलं.

"मोबाईल दे," बाई म्हणाल्या. "उद्या परत देते."

"फोन इथूनच लावा ना. नाव फक्त त्यांना सांगा, बाकी गुपित राहू द्या."

"गुपित नको आता."

माझ्याकडून त्या सरळ निशाकडे गेल्या. काय झालं ते दोघींनी वेगवेगळं सांगितलं, पण गाभा एकच. मालूबाई दारातच म्हणाल्या, "ते फोन मीनं केला होता. लपून बसली ती मी." निशा म्हणाली, "मला का सांगता? त्यांना सांगा." आणि दार लावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाई पुढे एकदा म्हणाल्या.

सोमवारी मी तिथे नव्हतो. पण चौघींकडून चार वेळा ऐकलं आहे आणि चौघींचं जुळतं.

मोबाईल भाकरीच्या फडक्यात गुंडाळून मालूबाई गेटमधून आत गेल्या. त्यांच्याकडे मोबाईल नसतो हे गेटमनला ठाऊक, त्यानं बघितलंही नाही. जेवणाची सुट्टी झाली, तशा त्या उठल्या आणि पोस्टरखाली, कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हात तसेच चिकाचे. पोस्टरकडे न बघता नंबर लावला. सरस्वती नावाची जुनी बाई आहे तिथे, तिच्याकडून मोबाईलचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा करून घेतला.

तिकडून पोरगी बोलली. "नमस्कार. आपलं नाव सांगणं ऐच्छिक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची इच्छा असेल तर सांगा."

"इच्छा आहे. लिही बाई. मालूबाई." मग नऊ आकडी तक्रार नंबर म्हणून दाखवला. "ते तक्रार माही आहे. निशाची नाही. निशाले त्यायनं घरी बसवलं, तिचा यात काही संबंध नाही. अन् दाराले साखळी आजही आहे. तुमच्याकडे फोटो आला असीन तं ते दार फोटोपुरतंच उघडलं होतं."

केबिनचं दार उघडलं. लीलाधर बाहेर आला. "ओ काकू, बंद करा फोन. अंदर आ के बात करो."

मालूबाई मोबाईलमध्ये म्हणाल्या, "हे जे बोलून राहिले ते लीलाधर मॅनेजर. यायचंही लिही."

तिकडची पोरगी म्हणाली, "सर, या कॉलचं रेकॉर्डिंग होत आहे."

लीलाधर तिथेच उभा राहिला. चाळीस वर्षांचा माणूस, हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना, शेवटी कमरेच्या किल्लीवर ठेवले.

"पूर्ण नाव सांगता का?" पोरगीनं विचारलं.

इथे मालूबाई अडल्या. बत्तीस वर्षं संसार केला, पण नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नव्हती. रेशन कार्डाच्या वेळी शेजारणीनं सांगितलं, मतदानाच्या वेळी मी. आसपास बघितलं. कुणी पुढे होईना. मग म्हणाल्या, "मालूबाई उखर्डू सपकाळे."

"मालूबाई... काय?"

"उखर्डू."

"परत सांगता? आवाज तुटतोय."

"उखर्डू. उखर्डू. लिहिलं का?"

मागे दोन-तीन बायका हसल्या. नंतर उखर्डूला हे कळलं तेव्हा त्यानं दोर वळणं थांबवलं आणि एवढंच विचारलं, "चारदा?"

पोरगीनं सगळं वाचून दाखवलं. नाव, गल्ली, काम, दार, साखळी, निशा. मग ठरलेलं वाक्य म्हणाली, "तक्रार केल्याबद्दल आपल्याला कोणीही त्रास देऊ शकत नाही. तसं काही झालं तर याच नंबरवर कळवा."

"बरं. अन् महिनाभर माहा काहीच फोन नाही आला तं समजून घे, त्रास झाला."

मोबाईल ठेवण्याआधी सरस्वतीनं तो हातात घेतला. "माझंही लिहा. सरस्वती. मागच्या दाराजवळ दुसरी जोडी." बाकीच्या सदतीसपैकी कुणी पुढे आलं नाही. मी खोटं लिहिणार नाही. सगळ्या जणी उठल्या आणि एकसाथ नावं दिली, असं काही झालं नाही. काही जणींनी भाकरी बांधली, काही जणी केळीकडे बघत राहिल्या. प्रत्येकीच्या घरी चूल आहे.

मालूबाईंना लीलाधरनं त्या दिवशी घरी पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर तो त्यांच्या आसपास फिरकला नाही. बाई एकट्या, जोडीशिवाय, दोन्ही कामं करत बसल्या. चीर पण त्यांचीच, साल पण त्यांचीच. दुसरी जोडीदारीण देतो असा त्याचा निरोप आल्यावर म्हणाल्या, "माही जोडीदारीण आहे. तिले बोलवा."

चेतन माझ्या टेबलाशी आला. "पंडितभाऊ, तुम्ही लोक धंदा बिघडवता. कंपनीनं माल घेणं बंद केलं तर या बायका जातील कुठे?"

"दार उघडायला किती मिनिटं लागतात रे?" मी विचारलं. "फोटोच्या वेळी किती लागली होती?"

तो मोटरसायकल चालू करून गेला. मला आणखी बरंच बोलायचं होतं, पण तो थांबला नाही.

एकोणिसाव्या दिवशी कंपनीची गाडी आली. आधी कळवलं नव्हतं, चेतनलाही नाही. दोन बाया आणि एक माणूस. त्यांनी पोस्टर बघितलं, वरचा कॅमेरा बघितला, मोबाईलचं क्रेट बघितलं. मग सरळ मागच्या दाराशी गेले आणि म्हणाले, उघडा. लीलाधर कमरेची किल्ली काढेपर्यंत त्यातली एक बाई घड्याळ बघत उभी होती. मालूबाईंना वेगळं बसवून विचारलं. बाईंनी जे फोनवर सांगितलं होतं तेच सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. शेवटी कागदावर अंगठा मागितला. "अंगठा उठत नाही माहा," बाई म्हणाल्या. "नाव लिहा, मी म्हणते ना माहं आहे."

साखळी गेली. दाराला आतून ढकललं की उघडेल असा लोखंडी दांडा बसला, वर पांढरा रंग लागला. क्रेटमधले मोबाईल जेवणाच्या सुट्टीत परत मिळू लागले. निशाला बोलावणं आलं. हातमोजे मात्र अजूनही तपासणीच्या दिवशीच येतात, आणि रस्त्यापलीकडच्या युनिटाच्या मागच्या दाराला आज सकाळीही कुलूप होतं. ते मी सोडणार नाही.

निशा कामावर आली. चार दिवस मालूबाईंशी बोलली नाही, नुसती साल काढत राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "काकू, सुऱ्याला धार लावून आणा. हात दुखतात माझे." मालूबाईंनी सुरा कपड्यात गुंडाळून ठेवला आणि संध्याकाळी इतवाऱ्यातून धार लावून आणला.

मला ती अजून ओळख देत नाही. ते बरोबर आहे.

मालूबाईंची आता एक सवय झाली आहे. रोज सुट्टी झाली की घरी निघायच्या आधी त्या मागच्या दाराशी जातात आणि दांड्यावर हात ठेवून ते एकदा ढकलून बघतात. दार उघडतं, बाहेरचा उजेड आत येतो, मग त्या ते ओढून घेतात. पांढऱ्या रंगावर त्या उंचीला पाच बोटांचा काळा ठसा पडला होता. लीलाधरनं पुन्हा रंग मारून घेतला. चार दिवसांत ठसा परत आला.

"काकू," तो परवा म्हणाला, "दाराला हात लावू नका ना. डाग पडतात."

"तुम्ही रंग मारत राहा भाऊ," मालूबाई म्हणाल्या आणि दार ढकललं.